दूर बसून काम करणाऱ्या सहकाऱ्यांची उमेद कशी टिकवावी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळुरूहून मराठवाड्यात आलेल्या तरुणांपैकी बरेच जण पुढे परत गेलेच नाहीत. आज उदगीर, जिंतूर, अंबाजोगाई किंवा वसमत येथे घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करणारी मुले-मुली सहज भेटतात, आणि छत्रपती संभाजीनगरमधल्या लहान कंपन्याही लातूर-नांदेडकडच्या माणसांना गाव न सोडता कामावर घेऊ लागल्या आहेत. अशी टीम सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांसाठी हे लिखाण आहे. माझे ठाम मत असे आहे की, दूरच्या माणसाची उमेद मुख्यतः दोन कारणांनी खचते: आपले काम कुणाच्या नजरेस पडत नाही आणि कार्यालयातले निर्णय आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतात, ही ती दोन कारणे. शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन खेळ घेतल्याने ती दूर होत नाहीत. त्यासाठी रोजच्या कामाची रीतच बदलावी लागते.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांचे वाढदिवसाच्या सम-विषम तारखेवरून दोन गट केले गेले आणि त्यांतल्या एका गटाने नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम केले. घरच्या गटाची कामगिरी सुमारे १३ टक्क्यांनी सुधारली, नोकरी सोडण्याचे प्रमाणही जवळजवळ निम्म्याने घटले. मात्र सारखीच कामगिरी करूनही त्यांना बढती कार्यालयातल्यांपेक्षा कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळाली तेव्हा त्यांच्यातले सुमारे निम्मे लोक कार्यालयात परतले, आणि त्यामागे एकटेपणाची तक्रार मोठी होती. म्हणजे घरून काम नीट होते, परंतु त्या कामाची दखल आणि माणसांचा सहवास या दोन गोष्टी आपोआप घडत नाहीत. त्या व्यवस्थापकालाच घडवून आणाव्या लागतात.

पहिली सुधारणा निर्णय कळवण्याच्या पद्धतीत करावी. कार्यालयात चहाच्या टपरीवर झालेले बोलणे दोन दिवसांनी नियम बनते आणि परभणीत बसलेल्या सहकाऱ्याला ते एखाद्या चुकीच्या निमित्ताने समजते, असे अनेक ठिकाणी घडते. म्हणून तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी सर्वांना दिसेल अशा एकाच जागी लिहावी, आणि लिहिताना कारणही द्यावे. उदाहरणार्थ: “बिलाचा जुना नमुना ३० जूनपर्यंतच चालेल. जीएसटीच्या रकान्याबद्दल ग्राहक वारंवार विचारणा करतात, म्हणून हा बदल आहे. नवा नमुना टीमच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. कुणाची हरकत असल्यास गुरुवारी दुपारी चारपर्यंत येथेच लिहावी.” एवढी चार वाक्ये पुरतात. त्यांतले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण दूरच्या माणसाला निर्णय लागू होण्याआधी बोलण्याची संधी त्यातून मिळते, आणि ज्याचे म्हणणे विचारले जाते तो त्या निर्णयाला आपला मानतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाशी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, अर्धा तास स्वतंत्रपणे बोलणे. हे बोलणे कामाच्या घाईत रद्द करू नये. वरच्या साहेबांची मीटिंग आली म्हणून ते दोनदा पुढे ढकलले की समोरच्याला आपली किंमत कळून चुकते. या वेळेत कामाचा हिशेब मागू नये, तो लेखी येतच असतो. “कसे चालले आहे?” या प्रश्नाला आपल्याकडे “बरे चालले आहे, सर” हेच उत्तर येते, विशेषतः नव्याने लागलेल्या मुलांकडून, कारण मोठ्यांपुढे अडचण सांगणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. त्याऐवजी नेमके विचारावे: या आठवड्यात कोणत्या कामात अडलात, कुणाच्या उत्तराची वाट पाहत बसावे लागले, कोणते काम पुन्हा करावे लागले? त्यातून सांगितलेली एक तरी अडचण पुढच्या आठवड्यापर्यंत दूर केली, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी तो सहकारी न विचारता बोलू लागतो.

आता घरच्या परिस्थितीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण शहरात बसलेल्या व्यवस्थापकाला ती दिसत नाही. गावात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की मोटार सुरू करायला घरातल्या तरुणालाच जावे लागते. रब्बीत हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे परतलेल्या मुलाने सकाळी नऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवला, तर त्याला आळशी ठरवणे हा अन्याय आहे. यावर उपाय म्हणजे सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याचे तास थोडे आणि पक्के ठेवावेत, जसे की अकरा ते तीन, आणि उरलेले काम ज्याला जेव्हा सोयीचे असेल तेव्हा करू द्यावे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅपटॉपही तापतो; त्या दोन महिन्यांपुरते हे तास सकाळकडे सरकवणे शहाणपणाचे ठरते.

लाईट जाणे ही तर नित्याची बाब आहे. त्यासाठी राउटरपुरता लहान यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचे सिम एवढी व्यवस्था कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून द्यावी. हा खर्च फार मोठा नसतो, पण तो कर्मचाऱ्याने करायचा की कंपनीने, यावरून कंपनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहते हे त्याला कळते.

याहून अवघड भाग घरातल्या माणसांचा असतो. “घरीच तर आहेस” असे म्हणून बँकेचे काम, पाहुण्यांना बसस्थानकावरून आणणे, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे जाणे, हे सगळे त्याच्याकडेच येते. सुनेच्या बाबतीत तर मीटिंग चालू असतानाही चहा टाकण्याची अपेक्षा सुटत नाही. येथे व्यवस्थापकाने कोरडा उपदेश करू नये. कामाच्या वेळा स्पष्ट लिहिलेले नियुक्तीपत्र आणि ओळखपत्र दिल्यास घरात त्याचा उपयोग होतो. ज्याच्या घरी जागाच नाही, त्याच्यासाठी तालुक्याच्या गावी लहान खोलीचे भाडे द्यावे. अनेक जण अभ्यासिकेत जागा घेण्याचे सुचवतात. लेखी कामासाठी ती उत्तम आहे, परंतु तेथे शांतता पाळावी लागत असल्याने फोनवर बोलण्याचे काम असणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

कौतुक नेमके आणि लेखी असावे. “छान काम केले” हे वाक्य संध्याकाळपर्यंत विसरले जाते. परंतु “मंगळवारी आपण ग्राहकाची यादी पुन्हा तपासल्यामुळे दुबार गेलेली बिले वेळेत थांबली” हे वाक्य माणूस जपून ठेवतो आणि घरीही दाखवतो. अशा नोंदी महिन्याच्या महिन्याला साठवून ठेवाव्यात, कारण वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी समोर दिसणाऱ्या माणसाचे काम आठवते आणि न दिसणाऱ्याचे राहून जाते. पगारवाढ आणि बढतीची यादी अंतिम करण्यापूर्वी कार्यालयातल्या आणि बाहेरच्या सहकाऱ्यांची नावे वेगवेगळी लिहून पाहावीत. एकाच बाजूला सगळ्या बढत्या गेल्या असतील, तर नोंदी पुन्हा वाचाव्यात.

एखादा बोलका सहकारी अचानक गप्प झाला, उत्तरे एका शब्दात येऊ लागली किंवा तो रात्री-अपरात्री काम करताना दिसू लागला, तर कामाचा विषय बाजूला ठेवून त्याला फोन करावा. गरज वाटल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक सांगावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.

सुट्ट्यांच्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडून एक गोष्ट हमखास सुटते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्या १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन असते, आणि लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळे घर शेतात जेवायला जाते. या दोन दिवसांची सुट्टी मागावी लागू नये. ती कॅलेंडरमध्ये आधीच असावी. ज्यांना हे दिवस ठाऊक नाहीत त्यांना त्या भागातल्या सहकाऱ्यानेच टीमच्या बैठकीत पाच मिनिटे माहिती द्यावी. वेळ अमावस्येच्या जेवणातली आंबील आणि भज्जी म्हणजे काय हे पुण्याच्या सहकाऱ्याने विचारले, की जी जवळीक होते ती कोणत्याही ठरवून केलेल्या कार्यक्रमाने होत नाही.

वर्षातून दोन वेळा तरी सर्वांनी प्रत्यक्ष भेटावे. दरवेळी दूरच्यांनीच मुख्यालयात यावे अशी रीत ठेवू नये. परभणी हे रेल्वेचे जंक्शन असल्याने नांदेड, संभाजीनगर आणि परळीकडून येणाऱ्यांना सोयीचे पडते, तेव्हा एक भेट तेथे आणि दुसरी मुख्यालयात ठेवता येते. जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरमधली सोयाबीनची काढणी टाळून तारखा ठरवाव्यात, त्या किमान दीड महिना आधी कळवाव्यात. भेटीत सादरीकरणे कमी ठेवून एखादे अडलेले काम दोघा-दोघांनी मिळून सोडवण्यास वेळ द्यावा, आणि जोड्या जाणीवपूर्वक कार्यालयातला एक व बाहेरचा एक अशा लावाव्यात. लहान मूल असलेल्या सहकारी महिलेला सोबत घरचे माणूस आणायचे असल्यास त्याची सोय आधीच करावी. प्रवासखर्चाची बिले नंतर मागवण्यापेक्षा तिकिटे कंपनीने काढून द्यावीत. महिनाअखेरीस हातात पैसे नसलेला नवा मुलगा तब्येतीचे कारण सांगून भेट टाळतो आणि खरे कारण कधीच सांगत नाही.