टोमॅटो, प्लेटलेट आणि हृदयविकार : या चुका टाळा

आत्याच्या अँजिओप्लास्टीला आठ महिने झाले होते. सहज विचारलं, "आत्या, इकोस्प्रिन घेतलीस ना आज?" तर म्हणाली, "आता कशाला ती? सकाळी दोन टोमॅटो खाते की. मेसेज आला होता, रक्त पातळ राहतं त्यानं." इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, गुठळी टाळणारी गोळी. पाच दिवस तिनं तिला हात लावला नव्हता. माझ्या पोटात गोळाच आला. तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी लगेच सुरू झाली.

सगळ्यात मोठी चूक हीच. अँजिओप्लास्टीत धमनीत बसवलेल्या जाळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो आणि जीवही जाऊ शकतो. गुठळी टाळणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

आत्याला आलेला मेसेज मात्र निव्वळ थाप नव्हता. पोषणशास्त्रज्ञ प्रा. असीम दत्तारॉय स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रॉवेट संस्थेत असताना फळांचा प्लेटलेटवर काय परिणाम होतो ते तपासत होते. पुढे ते ऑस्लो विद्यापीठात गेले. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या बारीक चकत्या. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. पण हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत त्या चिकटल्या तर रस्ताच बंद होतो. तपासणीची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्लेटलेट असलेला रक्तद्रव गढूळ दिसतो. त्यात गुठळी घडवणारं द्रव्य घातलं की प्लेटलेटचे पुंजके होतात, द्रव निवळतो आणि आरपार जाणारा प्रकाश वाढतो. टोमॅटोचा अर्क घातला की हे निवळणं कमी होतं.

म्हणजे रक्त "पातळ" होत नाही, प्लेटलेटची चिकटण्याची ओढ कमी होते. या शब्दामुळेच निम्मा घोळ होतो. ॲस्पिरिन प्लेटलेटला कायमची निकामी करते. ती प्लेटलेट जगते तेवढे सात ते दहा दिवस तिचा परिणाम राहतो. टोमॅटोच्या अर्काचा परिणाम तात्पुरता, साधारण अठरा तासांत ओसरणारा. एकाच्या जागी दुसरं चालणार कसं?

लोक लाल रंगाच्या मागे लागतात, तीही चूकच. लाल रंग लायकोपिनचा. हे काम करणारे घटक वेगळे, पाण्यात विरघळणारे आणि बियांभोवतीच्या पिवळट, बुळबुळीत रसात जास्त. कोशिंबीर पाणचट होऊ नये म्हणून आपण टोमॅटो पिळून नेमका तोच रस सिंकमध्ये सोडतो. तो राहू द्या, किंवा वाटीत धरून आमटीत घाला. हे घटक उष्णतेनं सहज नष्ट होत नाहीत. केचपवर भर देऊ नका, त्यात साखर आणि मीठ बरंच असतं. किडनीचा त्रास असेल तर टोमॅटोतल्या पोटॅशियमबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

याच संशोधनातून आलेल्या अर्काच्या दाव्याला २००९ मध्ये युरोपीय संघाची मान्यता मिळाली. रोजचं प्रमाण : ३ ग्रॅम पाक किंवा १५० मिलिग्रॅम पावडर. पण दावा एवढाच, की प्लेटलेटचं एकत्र येणं सर्वसाधारण राहायला मदत होते. हार्ट अटॅक टळतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. चाचण्या मुख्यतः निरोगी माणसांवर झाल्या, त्याही काही तासांत किंवा आठवड्यांत प्लेटलेट कशा वागतात हे बघणाऱ्या. स्टेंट असलेल्या माणसाला त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

अशा अर्काची कॅप्सूल कुणी घेत असेल तर ती लपवू नका. "ते काय, टोमॅटोच तर आहे" म्हणून डॉक्टरांना न सांगणारे बरेच भेटतात. आधीच ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन यांसारखं गुठळी टाळणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची जोखीम डॉक्टरांनाच जोखू द्या. दात काढायला जातानाही गोळ्यांच्या यादीत तिचं नाव लिहा. आत्याची यादी आता फ्रिजच्या दारावर चिकटवली आहे, सगळ्यात वर इकोस्प्रिन.