नागपूरहून गरम पाण्याच्या कुंडांकडे: हिवाळी सहलीची तयारी

गरम पाण्याच्या कुंडांचा विषय निघाला की नागपुरातही पहिली नावे कोकणातली निघतात: वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, राजापूर. ती ठिकाणे आपल्या जागी उत्तम आहेत. परंतु विसाव्यासाठी निघालेल्या माणसाने राज्याचे दुसरे टोक गाठायचे आणि तेवढेच अंतर कापून थकून परतायचे, यात विसावा उरत नाही. विदर्भाच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत आणि दक्षिणेला पैनगंगेच्या काठी असे झरे आहेत, आणि दोन दिवसांची सवड असलेल्या कुटुंबाला ते पुरेसे आहेत.

हे झरे तेथेच का आहेत, हे समजून घेतले तर पुढची बरीच काळजी आपोआप घेतली जाते. पाण्याखाली ज्वालामुखी धुमसत असल्याची समजूत अजून ऐकू येते. प्रत्यक्षात दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच थंड झाला आहे. जमिनीत खोल जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोल उतरते, तेथे तापते आणि एखाद्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक सरकून पडलेल्या मोठ्या भेगेच्या, वाटेने थंड होण्याआधीच वर येते. नर्मदा, सोन आणि तापी यांच्या खोऱ्यांना धरून जाणारा भेगांचा लांबलचक पट्टा हा अशा वाटांचा प्रदेश असल्याने जळगाव जिल्ह्यातील उनपदेवापासून छत्तीसगडमधील तातापानीपर्यंतचे झरे याच पट्ट्यात येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, ज्याचे मध्य विभागाचे कार्यालय आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे, देशभरातील अशा 381 उष्ण क्षेत्रांची नोंद केली आहे. या साऱ्यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच निघते की पाणी किती तापून यावे यावर कोणाचे नियंत्रण नसते: एका कुंडात ते सुखद कोमट असते, तर तातापानीसारख्या ठिकाणी जवळजवळ उकळते, आणि एकाच जागीही उगमाशी व दहा पावलांवर त्याचे तापमान निराळे असते.

जवळच्या ठिकाणांपैकी एका दिवसात जाऊन येण्याजोगे म्हणजे अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले सालबर्डी. काटोल-वरुडच्या बाजूने संत्र्यांच्या बागांमधून जाणारा हा रस्ता हिवाळ्यात स्वतःच एक सहल आहे. गाव महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, नदीच्या दोन्ही अंगांना वसलेले असून तेथे गुहेतील महादेव, खडकात कोरलेली प्राचीन लेणी आणि गंधकयुक्त झरे असे सर्व एकत्र पाहता येते. मोठ्या भ्रंशामुळे बेसाल्टखालचा गोंडवाना नावाच्या खडकसमूहातील वालुकाश्म येथे उघडा पडलेला दिसतो, त्यामुळे खडकांकडे पाहण्याची आवड असलेल्याने थोडा वेळ राखून ठेवावा. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. भाविकाने त्या वेळी अवश्य जावे. ज्याला निवांत बसायचे आहे त्याने तो आठवडा टाळावा.

उत्तरेकडे दुसरा पर्याय अनहोनीचा आहे. सावनेर, सौंसर, छिंदवाडा आणि तामिया असे करत पिपरियाकडे निघाले की झिरपा गावाच्या परिसरात हे गंधकयुक्त गरम पाण्याचे कुंड लागते. सौंसरपर्यंत मराठी सहज चालते, पुढे हिंदी. केवळ अनहोनीसाठी इतके अंतर कापण्यापेक्षा तामियाला किंवा पचमढीला मुक्काम करून सकाळी कुंडावर जाणे अधिक शहाणपणाचे, कारण तामियाकडचा वळणांचा घाटरस्ता अंधारात आणि धुक्यात चालवण्याजोगा नाही. नागपंचमीच्या सुमारास भरणाऱ्या नागद्वारी यात्रेच्या काळात पचमढीचा सारा परिसर विदर्भातील भाविकांनी भरलेला असतो. तेव्हा पाऊसही असतो आणि राहायला जागाही मिळत नाही.

दक्षिणेला नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे, आणि पलीकडे यवतमाळ जिल्ह्याच्या बाजूला कापेश्वर. वर्धा, यवतमाळ, आर्णी आणि माहूर असा रस्ता धरल्यास माहूरला रेणुकामातेचे दर्शन आणि मुक्काम, व दुसऱ्या दिवशी पहाटे उनकेश्वर असा बेत उत्तम जमतो. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून श्रीरामांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा येथे सांगितली जाते. तीच कथा चोपडा तालुक्यातील अडावदजवळच्या उनपदेवालाही आहे. उनपदेव मात्र नागपूरकरांना लांब पडते, त्यामुळे जळगाव किंवा भुसावळकडे काही काम निघाल्यासच तेथे जावे.

ऋतू कोणता, या प्रश्नाला नागपुरात एकच उत्तर आहे. ज्या शहरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, त्या शहरातील माणसाने उन्हाळ्यात गरम पाण्यात बसण्यात काहीच अर्थ नाही. पावसाळ्यात नदीकाठच्या झऱ्यांवर पूर येतो, पायऱ्या शेवाळतात आणि वरचे पाणी मिसळल्याने कुंड गढूळ होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ उत्तम, आणि त्यातही आठवड्यातल्या कामाच्या दिवसाची पहाट. हवा दहा-बारा अंशांवर असताना पाण्यावर वाफ दिसते, गर्दी नसते आणि रात्रभर कोणी न उतरल्यामुळे पाणी बरेच स्वच्छ असते.

सामानात बाकी काही राहिले तरी चालेल, परंतु तापमापक राहू नये. ताप मोजण्याचा घरातला थर्मामीटर येथे कुचकामी ठरतो, कारण त्याची मर्यादा 42 अंशांच्या आसपास संपते. स्वयंपाकात वापरला जाणारा डिजिटल थर्मामीटर शंभर अंशांपर्यंत मोजतो आणि खिशात मावतो; प्रयोगशाळेतला काचेचा घेऊ नये, दगडावर फुटला की कुंडात काचा जातात. याखेरीज मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या रबरी चपला, जाड पंचा, अंग पुसल्याबरोबर घालायला गरम कपडे व कानटोपी, माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी आणि ओआरएसची पाकिटे घ्यावीत. चांदीचे दागिने, विशेषतः जोडवी आणि पैंजण, घरीच काढून ठेवावीत, कारण गंधकयुक्त पाण्याने चांदी काळी पडते. बहुतेक कुंडे मंदिराच्या आवारात असल्याने अंगभर सुती कपडे असावेत. पोहण्याचा पोशाख तेथे शोभत नाही आणि त्यावरून वादही होतात.

कुंडावर पोहोचल्यावर लगेच उतरू नये. प्रथम उगम कोठे आहे आणि गावातील लोक कोठे अंघोळ करत आहेत हे पाहावे, कारण ते उगीच एखादी जागा टाळत नसतात. मग बसायच्या जागी, हाताच्या खोलीवर, तापमान मोजावे. 38 ते 40 अंश हे निरोगी प्रौढाला सुखाचे पाणी. 41-42 अंशांच्या पाण्यात पाच-सात मिनिटांहून अधिक बसू नये. त्यापुढे पाणी तांब्याने अंगावर घेणेही बादलीत निववूनच करावे. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, आणि पारदर्शक पाणी पाहून त्याचा अंदाज मुळीच येत नाही. उतरण्याआधी साध्या पाण्याने अंग धुवावे. कुंडात साबण, शाम्पू, उटणे किंवा तेल नेऊ नये. फुले, निर्माल्य आणि जुने कपडे पाण्यात सोडण्याची आपल्याकडची सवय तर कुंडाचा जीव घेणारी आहे.

पाण्यात टप्प्याटप्प्याने जावे: आधी पाय, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. दहा मिनिटे बसावे, बाहेर येऊन काठावर टेकावे, पाणी प्यावे आणि अंग निवल्यावर वाटल्यास पुन्हा उतरावे. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब खाली येतो. म्हणून एकदम उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ओल्या दगडावर ही अंधारी धोक्याची ठरते. कठड्याला धरून सावकाश उठावे. पहाटे वाटेत तर्री-पोहे चापून थेट पाण्यात बसण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु भरल्या पोटी मळमळ ठरलेली असते. तर्री परतीच्या वाटेवर ठेवावी. मद्य घेऊन पाण्यात उतरणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे.

एका नियमाबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही: डोके पाण्याखाली घालायचे नाही. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो आणि 46 अंशांपर्यंतची उष्णता तो सहन करतो. नाकावाटे पाणी वर गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हा संसर्ग अतिशय दुर्मीळ असला तरी बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. डुबकी मारण्याची श्रद्धा असेल त्याने स्वच्छ पाणी तांब्याने डोक्यावर घ्यावे. लहान मुलांना पाणी उडवण्याचे खेळ येथे खेळू देऊ नयेत, त्यांना चार-पाच मिनिटांत बाहेर काढावे, आणि तीर्थ म्हणून कुंडातले पाणी कोणीही पिऊ नये.

पाण्याला येणारा सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. मोकळ्या आवारात त्याचा त्रास होत नाही, परंतु हा वायू हवेपेक्षा जड असून बंद खोलीत किंवा खोलगट जागी साचतो, आणि काही वेळाने नाकाला त्याचा वास येईनासा होतो. त्यामुळे कुंडावर बांधलेल्या कोंदट स्नानगृहात दार-खिडकी उघडी ठेवून थोडाच वेळ थांबावे.

हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये आणि गर्भवती स्त्रियांनी हा बेत पुढे ढकलावा. मधुमेह्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. पाणी पोळते आहे हे त्यांना कळतच नाही, म्हणून त्यांच्यासाठी तापमापकावरचा आकडाच खरा. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, हे लक्षात घेऊन आणखी एक सांगावेसे वाटते: शरीरातले पाणी कमी होणे आणि गरमीतून एकदम थंडीत येणे, या दोन्ही गोष्टींनी या आजारात तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. अशा व्यक्तीने काठावर बसून पाय शेकणे पुरेसे समजावे, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. त्वचेवर उघडी जखम किंवा पसरणारा नायटा असल्यास इतरांच्या काळजीपोटी कुंडात जाऊ नये. गंधकाच्या पाण्याने चर्मरोग बरे होतात ही श्रद्धा सर्वत्र आहे. तिचा मान राखूनही चालू असलेले औषध बंद करू नये. आखडलेले सांधे आणि थकलेले स्नायू ऊन पाण्यात सैलावतात, आणि येण्याला तेवढे कारण पुरेसे आहे.

बाहेर आल्यावर अंग लगेच पुसून गरम कपडे घालावेत आणि किमान अर्धा तास गाडी चालवू नये, कारण या स्नानानंतर झोप अनावर होते. शक्य असल्यास पाण्यात न उतरलेल्या माणसाकडे परतीच्या वाटेवर गाडी चालवायला द्यावी. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने पुन्हा अंघोळ करावी. आणि पुढच्या बारा दिवसांत कोणाला तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणे यांपैकी काही झाले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे आणि गरम पाण्याच्या कुंडात स्नान केले होते, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना आपणहून सांगावे.