वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी पहिले पंधरा दिवस कसे काढावेत

वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतो आणि उंबरा ओलांडल्यापासून अख्खे घर त्याला काहीतरी खाऊ घालण्याच्या मागे लागते. कोल्हापुरात तर पाहुण्याला रिकाम्या पोटी पाठवणे हाच अपराध मानला जातो, मग घरच्या आजारी माणसाची काय कथा! रुग्णालयातली परिचारिकेची नोकरी सोडल्यानंतर मी अशा रुग्णांच्या घरी जाऊन पहिले दोन आठवडे त्यांची देखभाल करते. या दोन आठवड्यांत अन्नापेक्षा पाण्याकडे लक्ष द्यावे लागते, हे घरच्यांना पटवणे हाच माझ्या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे. तुमच्या शल्यविशारदाने दिलेला कागद आणि माझे म्हणणे यांत फरक पडला, तर कागद खरा धरावा.

१. घरी आणणे

शस्त्रक्रिया कोल्हापुरातच झाली असेल तर फारसे सांगण्यासारखे नाही. पुण्याहून आणायचे असेल तर सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता एका दमात काढू नये. तासाभराने गाडी थांबवून रुग्णाला पाच मिनिटे चालवावे, कारण लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि एका जागी बसून राहणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

२. चालणे आणि जखमा

जागेपणी दर तास-दोन तासांनी घरातल्या घरात पाच-सात मिनिटे चालावे. पहिल्याच आठवड्यात रंकाळा तलावाला फेरी मारून आल्याचे कौतुक सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो चालण्यानेच मोकळा होतो. एकाच पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, अथवा अचानक धाप लागली, तर मात्र चालवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घरी घ्यायला दिली असतील तर ती ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण करावीत आणि टोचलेली जागा चोळू नये. जखमा कोरड्या ठेवाव्यात, आणि भरलेली घागर, गॅसची टाकी, अंगावर झेपावणारे नातवंड यांपैकी काहीही चार ते सहा आठवडे उचलू नये.

३. जुन्या गोळ्या

रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांचा डबा मी पहिल्याच दिवशी माझ्या ताब्यात घेते. या शस्त्रक्रियेनंतर रक्तातली साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत, खाली येऊ लागते; अशा वेळी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जुन्याच प्रमाणात चालू राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातले उरलेसुरले पाणीही निघून जाते. म्हणून घरी पाठवताना दिलेल्या यादीत ज्या गोळ्या आहेत तेवढ्याच द्याव्यात. दुखण्यावर फक्त लिहून दिलेली गोळी, बहुधा पॅरासिटामॉल, द्यावी. शेजारच्या काकांनी कंबरदुखीवर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, विशेषतः जठराचा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणे) झालेल्या रुग्णाला, आतल्या जोडावर व्रण पाडू शकते.

४. पाणी

आता खरे काम सुरू होते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये तर वरची पिशवी साधारण ३० मिलिलिटरची असते. शिवाय ती आतून ताजी शिवलेली आणि सुजलेली असते. पाण्याचा मोठा घोट घेतला की छातीच्या हाडामागे दगड अडकल्यासारखे वाटते, माणूस घाबरतो आणि पिणेच सोडून देतो. तहानही पूर्वीसारखी लागत नाही. पण शरीराची गरज दीड ते दोन लिटरच राहते, आणि ती भागली नाही की पहिल्या महिन्यात रुग्णालयात परत जावे लागते. अशा परत जाण्यामागे निर्जलीकरण हे नेहमी आढळणारे कारण आहे.

माझा पहिला रुग्ण म्हणजे माझा धाकटा भाऊ. शिवाजी पेठेतल्या तालमीत घुमलेला माणूस. कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, त्यामुळे वजन वाढत गेले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभा राहून समोर पिळलेले म्हशीचे दूध एका दमात संपवायचे आणि घरी तांब्या वर धरून तोंडात धार सोडायची, ही त्याची पिण्याची पद्धत. अशा माणसाला मी चमचा दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘‘आक्का, चमच्यानं पाणी प्यायला मी काय तान्हं बाळ हाय व्हय?’’ मीही हसले आणि इथेच चुकले. एक लिटरची बाटली त्याच्या उशाशी ठेवली, ‘‘थोडे थोडे पीत राहा’’ असे सांगितले आणि संध्याकाळी बाटली पाऊण रिकामी झालेली बघून समाधान मानले. तिसऱ्या दिवशी पहाटे तो मोरीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीला टेकला. जीभ खडखडीत कोरडी, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आणि तीही आदल्या दिवसात दोनच वेळा झालेली. दोन दिवस पुन्हा रुग्णालयात काढावे लागले. नंतर कळले की त्या बाटलीतले पाणी पुतण्या शाळेतून येऊन पीत होता आणि उरलेले भावजय संध्याकाळी तुळशीला घालत होती. इतकी वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या मला बाटलीने फसवले, तेव्हापासून मी बाटलीवर विश्वास ठेवत नाही.

‘‘थोडे थोडे पीत राहा’’ हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग त्या दिवसापासूनचा आहे. त्यात माप नाही आणि वेळही नाही, त्यामुळे तो ऐकणारा माणूस दिवसभर घोटभर पाण्यावर बसून राहतो. माझी पद्धत अशी. औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले टोपण घ्यावे आणि त्यात १५ मिलिलिटर पाणी भरावे. ते एकदम न ओतता दोन-तीन छोट्या घोटांत, तीर्थ घेतल्यासारखे घ्यावे. दर दहा मिनिटांनी एक टोपण. हिशेब करून बघा: तासाला ९० मिलिलिटर, आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतच्या सोळा तासांत १,४४० मिलिलिटर. म्हणजे एकही टोपण न चुकवता दिवस काढला तरच माणूस कसाबसा दीड लिटरच्या जवळ पोचतो. कोणी भेटायला आले आणि तासभर गप्पांत गेला, तर ९० मिलिलिटर गेले ते गेले. पाहुणे गेल्यावर अर्धा पेला एकदम पिऊन ते भरून काढता येत नाही, कारण तो अर्धा पेला उलटून बाहेर येतो. म्हणून पाहुण्यांच्या समोरही टोपण चालू राहिले पाहिजे. कोणाला ते चमत्कारिक वाटले तर वाटू द्यावे.

प्रत्येक टोपणाला वहीत एक रेघ मारावी, आणि ती रेघ रुग्णाने स्वतः मारावी. घरच्यांनी मारलेली रेघ बहुधा प्रेमापोटी जास्तीची असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सूज उतरू लागली आणि १५ मिलिलिटर सहज उतरू लागले की टोपण ३० मिलिलिटरचे करावे. गार पाण्याने काहींच्या छातीत कळ येते, त्यांना कोमट पाणी मानवते. काहींना अगदी उलटे होते, तेव्हा दोन्ही करून बघावे. स्ट्रॉने पिऊ नये, कारण पाण्याबरोबर हवाही आत जाते. सोडा आणि बाटलीतली फसफसणारी पेये पूर्ण बंद. शहाळ्याचे पाणी, फिके ताक आणि लिंबूपाणी बिनसाखरेचे चालते. उसाचा रस आणि गुळाचे पाणी चालत नाही. आपला जिल्हा गुळाचा असला तरी बायपास झालेल्या माणसाच्या आतड्यात गोड एकदम उतरले की त्याला दरदरून घाम सुटतो, धडधड होते आणि जुलाब लागतात.

दिवसातून किमान चार-पाच वेळा फिक्या रंगाची लघवी झाली की पाणी पुरते आहे असे समजावे.

५. पातळ आहार आणि पांढरा रस्सा

पहिले दोन आठवडे जे द्यायचे ते गाळून, पातळ आणि बिनमसाल्याचे. हे सांगितल्यावर आमच्या आईने एके दिवशी भावासाठी वाटीभर पांढरा रस्सा आणला आणि मी अडवल्यावर म्हणाली, ‘‘पातळच हाय की ते, सूपच म्हण.’’ बऱ्याच घरांत हाच युक्तिवाद ऐकावा लागतो. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध, काजू, खसखस, तूप आणि खडा मसाला असतो. ताज्या शिवलेल्या जठराला त्यातले काहीच पेलत नाही. पण आईला नुसते नाही म्हणून चालत नाही, तिला पर्याय द्यावा लागतो, आणि तो तिच्याच पातेल्यात असतो. मसाला पडण्याआधीची आळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, बाजूला काढावी, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवावी, सकाळी वर धरलेला चरबीचा पांढरा थर चमच्याने उचलून टाकावा आणि खालचे पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून कोमट करून द्यावे. रुग्णाला घरची चव मिळते आणि आईचाही मान राहतो.

‘‘डाळीचे पाणी द्या, ताकद येईल’’ हा दुसरा लाडका सल्ला. ताकद देणारी प्रथिने बहुतांशी खाली बसलेल्या डाळीत राहतात आणि वरच्या पाण्यात हळद-मीठच जास्त असते. सध्याची प्रथिने साय काढलेल्या दुधातून आणि लिहून दिलेल्या पावडरीतून घ्यायची. दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढे जायचे उद्दिष्ट असले तरी पहिल्या आठवड्यात ते बहुतेकांना गाठता येत नाही, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाणी आणि प्रथिने यांत ओढाताण झाली तर या आठवड्यात पाणी जिंकले पाहिजे. जाता जाता एक: कांदा-लसूण चटणीचे कांडप आणि झणझणीत फोडण्या या पंधरवड्यात जरा लांबच असू द्याव्यात, कारण त्या वासानेच रुग्णाला मळमळते आणि मग पुढची दोन टोपणे बुडतात.

६. उलटी आणि ग्लुकोजची बाटली

एखादी उलटी, तीही घाईने प्यायल्यामुळे झालेली, क्षम्य आहे. दिवसभर पोटात काहीच टिकत नसेल तर शल्यविशारदाला कळवावे. इथे एक धोका आहे जो मी फार कमी घरांत माहीत असलेला पाहिला. आपल्याकडे अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेण्याची पद्धत आहे. शरीरातला थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व ब१ चा, साठा जेमतेम काही आठवडे पुरतो. सतत उलट्या होणाऱ्या माणसात तो संपत आलेला असतो, आणि अशा वेळी थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून डिस्चार्ज कार्डाची प्रत रुग्णाच्या खिशात ठेवावी आणि कोणत्याही दवाखान्यात सुई लागण्याआधी ‘‘जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, आधी थायमिनचे बघा’’ हे वाक्य संकोच न करता म्हणावे. डॉक्टर रागावले तरी चालेल.

७. नाडी

सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटे शांत बसल्यानंतर, मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजून पाण्याच्याच वहीत लिहावी. आतला टाका गळू लागला तर जाड पोटात दुखणे उशिरा कळते, पण नाडी आधी बोलते. विश्रांतीतही ती १०० च्या वर टिकून राहिली तर फोन करावा. १२० च्या वर राहिली, किंवा जोडीला ताप, डाव्या खांद्यातली चालूनही न जाणारी वेदना, धाप किंवा डांबरासारखी काळी शौच असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. सकाळपर्यंत वाट बघू या असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना गाडीतच बसवून न्यावे.

८. पहिला चमचा

शल्यविशारदाने परवानगी दिल्यावर, बहुधा तिसऱ्या आठवड्यात, मुगाचे मऊ वरण, कुस्करलेले पनीर, उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा घोटलेली भाजी चहाच्या चमच्याने सुरू करावी. तीन-चार चमच्यांना वीस मिनिटे घ्यावीत, आणि खाण्यानंतर अर्धा तास पाणी देऊ नये. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी येत नाही; कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहू लागते, कोणाच्या छातीच्या हाडाखाली दाब येतो. ती खूण आली की वाटीत उरलेला एक चमचासुद्धा ‘‘वाया जाईल’’ म्हणून खाऊ नये. भावाला चौथ्या चमच्याला उचकी लागायची. तेवढ्यात भावजय वाटी उचलून न्यायची आणि घड्याळात बरोबर अर्धा तास झाला की पाण्याचे टोपण आणि वही त्याच्या पुढ्यात आणून ठेवायची.