उंच माणसानं ट्रायल्स सायकलची फ्रेम कशी निवडावी

ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकवता अडथळे पार करायच्या खेळाच्या सायकलची, फ्रेम घ्यायची म्हटली की उंच पोरं आधी 'लार्ज' शोधतात. साध्या एमटीबीत, म्हणजे माउंटन बाइकमध्ये, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) लांबीवरून साइज ठरते, पण स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलला सीटच नसते. सगळा खेळ उभ्यानं. त्यामुळं इथं बघायचं ते व्हीलबेस, म्हणजे दोन्ही ॲक्सलमधलं अंतर, आणि बॉटम ब्रॅकेटपासून (क्रँकचा आस बसतो तिथून) हँडल किती पुढं आणि किती वर येतं ते.

मी सहा फूट दोन इंच. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, म्हणून फ्रेमचं ड्रॉइंग हातात आलं की रंगाआधी मापं वाचतो. तुम्हीही तसंच करा. अशी फ्रेम बहुतेक वेळा बाहेरून मागवावी लागते, कस्टम ड्यूटी भरावी लागते, आणि परत पाठवणं परवडत नाही.

आधी चाक ठरवा. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेच्या, स्पर्धा 20 आणि 26 इंची अशा दोन वर्गांत होतात. 24 इंची रस्त्यावरच्या खेळासाठी. स्कॉटलंडचा स्ट्रीट ट्रायल्स रायडर डॅनी मॅकअस्किल चालवतो ती. 20 इंचीचा चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या ॲक्सलपर्यंतची नळी) 350 मि.मी.च्या आसपास असतो, त्यामुळं ती मागच्या चाकावर पटकन उभी राहते आणि जागेवर झटकन वळते. उंच माणसानं ती चालवूच नये असं नाही, पण सहा फुटांच्या वरचा माणूस नव्यानं शिकत असेल तर मी 26 इंचीच सांगेन. पाय लांब, धड लांब, म्हणजे वजनाचा मध्य वर. आखूड सायकलवर कंबर जराशी मागं गेली की तोल सुटतो. लांब व्हीलबेसवर सावरायला जागा मिळते.

26 इंचीत व्हीलबेस साधारण 1060 ते 1100 मि.मी. असतो. सहा फुटांच्या पुढं 1080च्या वरचं बघा. 20 इंचीच घ्यायची असेल तर 1000च्या वरची. मात्र ही लांबी पुढच्या बाजूला वाढलेली हवी. चेनस्टे 390च्या पुढं गेला की पुढचं चाक उचलताना दंड भरून येतात, आणि मग उंचीचा फायदा राहत नाही. बॉटम ब्रॅकेट ॲक्सलच्या रेषेपेक्षा किती वर आहे तेही ड्रॉइंगमध्ये असतं. जास्त वर असेल तर मागच्या चाकावर जाणं सोपं, पण माणूस अजून उंच होतो. नवख्यानं मध्यम आकडा धरावा.

एखाद्या मित्राची सायकल मिळाली तर नुसती फिरवून आणू नका. क्रँक आडवे ठेवून पॅडलवर उभे राहा, कुणाला तरी पुढचं चाक धरायला सांगा. गुडघे जवळजवळ सरळ, कोपरात थोडा वाक. एवढ्यात पाठ काटकोनात वाकत असेल तर हँडल खाली आहे. मग ब्रेक दाबून मागच्या चाकावर बसल्यासारखे व्हा: हात सरळ, गुडघे वाकलेले. गुडघा हँडलला घासला तर सायकल आखूड आहे.

थोडा फरक स्टेमनं, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्यानं, निघतो. लांब आणि जास्त कोनाचा स्टेम उंच माणसाला हवाच. स्पेसरचं, म्हणजे स्टेमखाली घालायच्या कड्यांचं, मात्र गणित समजून घ्या, कारण इथं पुष्कळ जण फसतात. स्टीअरर, म्हणजे स्टेम बसतो ती फोर्कची नळी, तिरका असतो. 72 अंशांच्या हेड अँगलला (स्टीअररचा जमिनीशी कोन) स्टेम 10 मि.मी. वर सरकवला की हँडल 3 मि.मी. मागं येतं. 30 मि.मी. स्पेसर घातले तर सव्वानऊ मि.मी. रीच (हँडलचं पुढचं अंतर) गेला, म्हणजे लांब फ्रेमसाठी मोजलेले पैसे तिथंच वाया. म्हणून उंची स्टेमच्या कोनातून आणि हँडलच्या राइझमधून (वरच्या वाकातून) घ्या, स्पेसर शेवटी.

28.6 मि.मी.च्या स्टीअररला बसणारे ॲल्युमिनियमचे स्पेसर उद्यमनगरात कुणीही चांगला टर्नर काढून देईल. दोन्ही तोंडं समांतर हवीत, एवढं त्याला सांगा. स्टेम आणि हँडल मात्र कधीही गावात बनवून घेऊ नका. उडी मारून उतरताना सगळा भार त्यांच्यावर येतो, आणि तुटलं तर तोंडावरच पडाल.

आणि कृपा करून नवी सायकल पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर किंवा पन्हाळ्याच्या तटावर आजमावू नका. कारखान्याच्या मागं पडलेली दोन लाकडी पॅलेट पुरतात.

जुनी सायकल घेताना फोर्कचा स्टीअरर टेपनं मोजा. आधीचा मालक बुटका असेल तर तो बहुधा कापलेला असतो, आणि कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही. नवा असेल तर सगळे स्पेसर घालून, उरलेले स्टेमच्या वर ठेवून महिनाभर चालवा. उंची पक्की झाल्यावरच करवत लावा.