भूचुंबकीय वादळांवर काम सुरू करताय? आधी बीझेड बघा

स्पष्ट सांगते: सौरज्वालेचा वर्ग बघून वादळाचा अंदाज बांधू नका; बीझेड, म्हणजे सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, बघा. माझे सुरुवातीचे कित्येक महिने या एका सवयीने खाल्ले.

७ जानेवारी २०१४ ची ज्वाला एक्स१.२, म्हणजे सगळ्यात तीव्र वर्गातली होती. मोठ्या वादळाचा इशारा गेला आणि पृथ्वीवर जेमतेम काही जाणवलं. २१ एप्रिल २०२३ ची होती नुसती एम१.७, म्हणजे एक वर्ग खालची, पण तिच्यासोबत सुटलेल्या सीएमईने (सूर्यावरून उसळलेल्या चुंबकित प्लाझ्माच्या लोटाने) तीन दिवसांच्या आत डीएसटी, म्हणजे वादळाची तीव्रता मोजणारा निर्देशांक, −२०० नॅनोटेस्लाच्या खाली नेला.

ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो आणि आयनांबर हलवतो. मोठं वादळ आणते ती सीएमई, तेही तिचं क्षेत्र दक्षिणमुखी, म्हणजे बीझेड ऋण असेल तर. मग पृथ्वीच्या क्षेत्ररेषा तिच्याशी जोडल्या जातात, ऊर्जा आत शिरते, पृथ्वीभोवतीचा विद्युत वलयप्रवाह बळावतो आणि डीएसटी कोसळतो. त्यासाठी बीझेड काही तास ऋण टिकावा लागतो. क्षेत्र उत्तरमुखी असेल तर मॅग्नेटोपॉज (पृथ्वीच्या चुंबकीय कवचाची सीमा) आत दाबला जाऊन डीएसटी नुसता वर उसळतो. त्या उसळीला वादळ समजू नका.

आणि बीझेड जीएसएमचाच घ्या, जीएसईचा नाही! या दोन वेगळ्या अक्षपद्धती आहेत, आणि ओम्नीच्या (नासाच्या सौरवाऱ्याच्या नोंदींच्या) फाइलीत दोन्ही असतात. जीएसई क्रांतिवृत्ताला धरून, जीएसएम पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला धरून. हा अक्ष कललेला, त्यामुळे जीएसईमधला निव्वळ बीवाय (आडवा घटक) जीएसएममध्ये दक्षिणमुखी बीझेड होऊन उतरू शकतो, विशेषतः विषुवदिनांच्या आसपास. चुकीचा रकाना घेतला तरी आलेख छानच दिसतो, म्हणून शंका येत नाही. दर वेळी रकान्याचं नाव वाचा. दर वेळी.

दुसऱ्याचा तयार कोड चालवून निघालेल्या आलेखावर माझा विश्वास नाही. मार्गदर्शकही शोधनिबंध मोजून निवडू नका. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा एच (क्षितिजसमांतर) घटक समोर ठेवून ‘यातला रोजचा सौर चढउतार कुठला आणि वादळ कुठलं?’ असं विचारणारा भेटला, तर त्याला सोडू नका. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या सप्टेंबर १८५९ च्या नोंदीत हाच घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. ती वाचनं माणसांनी हाताने टिपली होती.

प्लाझ्माचं गणित जड जातंय म्हणून मात्र विषय सोडू नका. मलाही अजून जातं, आणि तरी काम होतं. एप्रिल २०२३ चे २३ ते २५ हे दिवस उतरवून घ्या, बीझेडच्या खाली डीएसटी लावा, आणि बीझेड ऋण झाल्यावर डीएसटी किती वेळाने घसरायला लागतो ते डोळ्यांनी मोजा. मॉडेल त्यानंतर.