मोटार वाइंडिंग: दुकान टाकण्याआधीचे तीस दिवस

बारावीनंतर वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं दुकान टाकायचं की आयटीआयला जायचं, हे घरी बसून ठरत नाही. तालुक्याच्या एखाद्या वाइंडिंगवाल्याकडे तीस दिवस बसा. पगार मागू नका.

तीस दिवस सलग नकोत. हरभरा-गव्हाच्या ओलितात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, विजेच्या तीन फेजपैकी एक फेज जातो, व्होल्टेज पडतं आणि मोटारी जळून येतात. ती गर्दी पाहून कर्ज काढणारा पावसाळ्यात माशा मारत बसतो. म्हणून पंधरा दिवस ओलितातले, पंधरा पावसाळ्यातले. वहीत रोज लिहा: किती मोटारी आल्या, कशानं जळल्या, तार किती किलो लागली, मजुरी किती मिळाली, उधारी किती राहिली. उधारीचा रकाना विसरू नका. धंदा तिथंच बुडतो.

हात बसवायला भंगारातला जळका थ्री-फेज स्टेटर, म्हणजे मोटारीचा तार भरलेला स्थिर भाग, आणा. घाईत आधी तार उपटली की सगळा हिशोब गेला. आधी चित्र काढा: स्लॉट (तार बसायच्या खाचा) किती, कॉइल (तारेचं वेटोळं) कितव्या स्लॉटातून कितव्यात जाते, तीन फेजची जोडणी स्टार की डेल्टा, या दोनपैकी कोणत्या पद्धतीची. 36 स्लॉट आणि चार पोल (चुंबकीय ध्रुव) असतील तर एका पोलला नऊ स्लॉट येतात. वेढे दोन-तीन कॉइलचे मोजा, कारण जळक्या कॉइलमध्ये मोजणी चुकते. तारेवरचं इनॅमल (वरचा लेप) खरवडून जाडी मायक्रोमीटरनं घ्या. वेढे कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढते, तापते. कॉइलचा एखादा ग्रुप उलटा जोडला तर मोटार नुसती गुणगुणते, वेग घेत नाही. शेवटी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे तारेतून बॉडीत वीज गळते का हे मोजायचं यंत्र, वाइंडिंग आणि बॉडीत लावा; एक मेगाओमच्या खाली आलं तर चालू करू नका. व्हिडिओ पाहिलात तर तो बंद करून जोडणी कागदावर काढा. तिथं अडलात तर शिकला नाहीत.

दोन गोष्टी वहीबाहेरच्या. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं; दुकानातला अनुभव तिथं चालत नाही. वीजतंत्रीला आयटीआयची दोन वर्षं जातात. दुसरं, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले पंप वॉरंटीत असेपर्यंत कंपनीच दुरुस्त करते; ते काम तुमच्याकडे येत नाही. आजूबाजूच्या पाच गावांत सौर पंप किती, विजेवरचे किती, हे वावरोवावरी फिरून मोजा.

तिसरा स्टेटर कुणाच्या मदतीशिवाय भरून मेगरला पास झाला, तर दुकानाचा विचार करा. नाही झाला तर आयटीआयचा अर्ज भरा. ते प्रवेश पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात, तारीख चुकली की वर्ष जातं.