स्वस्तात स्पॉटिंग स्कोप घेताय? या चुका टाळा

पाच गोळ्या झाडून झाल्यात. रायफल खाली ठेवून तुम्ही स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे गोळ्या टार्गेटवर कुठे लागल्या ते बघायच्या स्टँडवरच्या दुर्बिणीला, डोळा लावता. पांढऱ्या भागात गेलेली एक गोळी लगेच दिसते, बाकीच्या चार टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळात कुठेतरी आहेत. झूम वाढवावं तर चित्र अंधारतं, फोकसला हात लावावा तर सगळं थरथरतं. शेवटी फायरिंग थांबायची वाट बघत बसायचं आणि टार्गेटपर्यंत चालत जायचं.

माझा पहिला स्कोप असाच होता. खोक्यावर ६० पट लिहिलेलं बघून घेतला आणि वापरला मात्र कायम २० ते ३० वरच. त्यानंतर रेंजवर नव्याने येणाऱ्या कितीतरी जणांच्या हातात तसलेच स्कोप बघितले. बजेट कमी असलं तरी चांगलं दिसू शकतं, याची मला आता खात्री आहे. फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे घेण्याआधी कळलं पाहिजे.

झूमच्या आकड्याला भुलणं

खोक्यावर २०-६०×६० लिहिलेलं असतं. म्हणजे वीस ते साठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर. आता व्यासाला पटीने भागा. वीसवर उत्तर येतं ३, साठवर १. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा असतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुली साधारण २ ते ३ मिलिमीटर उघडी असते. म्हणजे वीसवर डोळा भरून प्रकाश मिळतो, आणि साठवर त्या झोताचं क्षेत्रफळ नवव्या हिश्शावर येतं. टार्गेटवरचं गोळीचं भोक मोठं दिसतं खरं, पण काळोखात बुडतं. शिवाय एक मिलिमीटरच्या झोतासमोर डोळा नेमका धरावा लागतो, मान जराशी हलली की चित्र गायब.

मग लागतं तरी किती? मी एक साधा हिशेब करतो. अंतराला पटीने भागायचं. ५० मीटरवरचं टार्गेट २० पटीने बघितलं तर ते अडीच मीटरवर धरल्यासारखं दिसतं. पॉइंट टू-टू (.२२) रायफलच्या गोळीचा व्यास साधारण ५.६ मिलिमीटर. कागद थोडा मिटतो म्हणून भोक त्याहून जरा लहानच पडतं, तरी अडीच मीटरवरून ते दिसायला काहीच अडचण नसते. तेच टार्गेट १०० मीटरवर नेलं की वीस पटीने ते पाच मीटरवर जातं. पांढऱ्यावरचं भोक तिथेही दिसतं, काळ्यावरचं शोधावं लागतं. तीस पट केलं की साधारण सव्वातीन मीटर होतात आणि काम भागतं. ३०० मीटरवर ७.६२ मिलिमीटरची गोळी झाडत असाल तर चाळीस पटीनेसुद्धा टार्गेट साडेसात मीटरवर राहतं. तिथे मात्र जास्त पट हवी, आणि ती पेलायला ८० मिलिमीटरचं भिंगही हवं.

माझं मत सांगतो. ५० मीटरपर्यंत २० ते २५ पट आणि ५० किंवा ६० मिलिमीटरचं भिंग पुरेसं आहे. १०० मीटरला ३० ते ४० पट. त्यापुढे ८० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, आणि तेवढं बजेट आज नसेल तर थोडं थांबा. १० मीटरच्या एअर रायफल-पिस्तूलला स्कोपची गरजच नाही. ४.५ मिलिमीटरच्या पेलेटचं (छर्र्याचं) भोक तिथे आठ पटीच्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसतं. ती दुर्बीण १० मीटरवर फोकस होते का, एवढं बघून घ्या.

एकाच अंतरावर सराव करणाऱ्यांनी झूमऐवजी एकाच पटीचा, २० किंवा २५चा आयपीस मिळतो का ते जरूर पाहावं. झूमच्या आयपीसमध्ये भिंगं जास्त असतात, आणि स्वस्तात ती सगळी चांगली बसवणं अवघड. त्याच पैशांत साधा आयपीस बहुधा जास्त स्वच्छ दाखवतो आणि त्यातून दिसणारा परिसरही मोठा असतो.

साठ मिलिमीटर खरंच साठ आहेत का?

हे फारसं कुणी तपासत नाही. काही स्वस्त स्कोपमध्ये पुढचं भिंग मोठं असतं, पण नळीच्या आत अशी कडी बसवलेली असते की भिंगाच्या कडेचा प्रकाश आत येतच नाही. कडेला भिंग खराब दिसतं, ते झाकायचा हा सोपा मार्ग. ओळखायचं कसं? स्कोप २० पटीवर ठेवून उजेडाच्या दिशेने, पण सूर्यापासून दूर, रोखा. आयपीसपासून हातभर मागे या. आयपीसमध्ये प्रकाशाचा छोटा गोल तरंगताना दिसेल. त्यावर पारदर्शक पट्टी धरून मोजा. ६० मिलिमीटरच्या स्कोपला तो ३ मिलिमीटर भरला पाहिजे. दोनच भरला तर तुमच्या हातात चाळीस मिलिमीटरचा स्कोप आहे. गोल कडेला कापल्यासारखा चौकोनी दिसत असेल तर आतला प्रिझम लहान किंवा हलक्या दर्जाचा आहे.

काचेवरच्या लेपाकडेही लक्ष द्या. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. बारा धरले तर चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश वाटेतच संपतो, आणि परतलेला प्रकाश आत इकडेतिकडे आपटून काळ्यावर राखाडी धुकं पसरवतो. आपल्याला तर काळ्यावरचं काळं भोक बघायचंय! म्हणून 'फुली मल्टिकोटेड', म्हणजे सगळ्या काचांवर अनेक थरांचा लेप, हे शब्द माहितीपत्रकात आहेत का ते बघा. नुसतं 'कोटेड' म्हणजे कुठल्यातरी एका काचेवर लेप आहे, एवढाच अर्थ होऊ शकतो. ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, मिळाली तर उत्तम, काळ्या वर्तुळाच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार तिने कमी होते. पण १०० मीटरच्या आतल्या कामाला तिच्यासाठी बजेट ताणू नका. तो पैसा पुढच्या गोष्टीला लागणार आहे.

सगळे पैसे स्कोपवर, स्टँड फुकटातला

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्कोपबरोबर जो वीतभर उंचीचा ट्रायपॉड येतो, तो टेबलावर शोभेला ठीक आहे. तीस पटीवर स्कोपची थरथरही तीस पट मोठी दिसते. शेजारच्या लेनमध्ये गोळी सुटली की हादरा बसतो, वारा आला की नळी डोलते, आणि भिंग कितीही चांगलं असलं तरी भोक पुसट दिसतं. घरी एक चाचणी करा. टार्गेट फोकसमध्ये आणा, नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारा आणि चित्र थांबायला किती वेळ लागतो ते बघा. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागला तर आधी स्टँड बदला. एकूण रकमेतला तिसरा हिस्सा स्टँडसाठी बाजूला काढूनच मी स्कोप बघायला सुरुवात करायला सांगतो. आज नवा स्टँड शक्य नसेल तर आहे त्याचे पाय फाकवून उंची कमीत कमी ठेवा, मधला दांडा वर काढू नका आणि मध्यभागी वजनाची पिशवी लटकवा.

स्टँडचं दुसरं काम आहे डोळ्याजवळ येणं, आणि ते समजायला मला फार वेळ लागला. प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरताना, मी स्कोप बाजूला, थोडा मागे ठेवायचो. प्रत्येक गोळीनंतर कोपर उचलून, अंग वळवून बघायचो आणि पुन्हा पोझिशन घ्यायचो. ग्रुप, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, कधी डावीकडे, कधी खाली. दोष मी ट्रिगरला देत होतो. एका सीनियर शूटरने स्कोप उचलून माझ्या डाव्या डोळ्यासमोर आणला, इतका जवळ की गाल रायफलवरून जेमतेम हलवून बघता यावं. त्याच दिवशी ग्रुप आवळला, कारण कोपर जागचं हलतच नव्हतं. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी डावी बाजू आणखी एका कारणाने बरी. बहुतेक रायफलींमधून काडतुसाची तापलेली रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, ती काचेवर आदळायला नको.

सरळ घ्यावा की ४५ अंशात वाकलेला, हेही इथेच ठरतं. झोपून किंवा गुडघ्यावर बसून नेमबाजी करणाऱ्याला वाकलेला सोयीचा, कारण स्टँड खाली ठेवता येतो आणि मान ताणावी लागत नाही. नळी स्वतःभोवती फिरवता येणारा असेल तर आयपीस आडवा करून थेट डोळ्याकडे वळवता येतो. सरळ स्कोपने टार्गेट पटकन सापडतं, एवढीच त्याची जमेची बाजू. माझ्या मते वाकलेलाच घ्यावा.

चष्मा विसरणं

चष्मा किंवा शूटिंग ग्लासेस लावून बघणार असाल तर आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा किती दूर ठेवता येतो ते अंतर, किमान १५ मिलिमीटर हवं. कमी असेल तर मधोमध छोटा गोल आणि भोवती काळं कडं दिसतं. रबरी कप खाली दुमडून किंवा फिरवून पाहा, कधीकधी तेवढ्याने भागतं. फक्त दूरचं अंधुक दिसत असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं. दृष्टिवैषम्याचा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल, तर चष्मा हवाच, तो दोष फोकसने भरून निघत नाही.

दुपारी बघून स्कोपला नावं ठेवणं

सकाळी स्वच्छ दाखवणारा स्कोप दुपारी बिघडल्यासारखा वाटतो. टार्गेट पाण्याखाली असल्यासारखं हलतं, भोकं लांबट होतात, कडा उकळतात. हा मिराज आहे, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा खेळ. झूम वाढवलं की तोही वाढतो आणि कितीही महागडी काच त्याला आवरू शकत नाही. झूम २० वर आणा, जमल्यास जमिनीपासून थोड्या उंचीवरून बघा.

शत्रू वाटणारा हा मिराज वारा सांगतो, तेही शिकून घ्या. टार्गेटवर फोकस करून चाक अगदी थोडं अलीकडच्या अंतराकडे फिरवा. हवेच्या लाटा दिसू लागतील. त्या ज्या दिशेला वाहतात, तिकडे वारा जातोय. सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही, किंवा आहे तो समोरून नाहीतर पाठीमागून आहे. हे बघायला साधा स्कोपही पुरतो.

न बघता विकत घेणं

दुकानात समोरच्या पाटीवर स्कोप रोखून काही कळत नाही, तिथे सगळेच छान दिसतात. ऑफिसातलं पंचिंग मशीन घ्या. त्याचं भोक सुमारे ६ मिलिमीटरचं असतं, पॉइंट टू-टूच्या अगदी जवळ. काळ्या कागदाला सात-आठ भोकं पाडा, काही एकमेकांना चिकटून, आणि मागे गडद पुठ्ठा लावा. तुमच्या अंतरावर तो कागद उभा करून स्कोपमधून भोकं मोजा. आधी मधोमध, मग तोच कागद चित्राच्या कडेला आणून. चिकटलेली दोन भोकं वेगळी ओळखता आली तर स्कोप तुमच्या कामाचा. फोकस फिरवताना चित्र एका बिंदूला टचकन स्पष्ट झालं पाहिजे. पुढे-मागे कितीही फिरवलं तरी 'जवळजवळ स्पष्ट' एवढंच होत असेल तर आतली भिंगं हलकी आहेत किंवा एका रेषेत नाहीत. असा स्कोप परत करा, वापरून तो सुधारत नाही. ऑनलाइन मागवत असाल तर परत करण्याची मुदत किती ते आधी वाचा आणि चाचणी पहिल्याच दोन दिवसांत उरका.

आधीच घेतलेला स्कोप कमी पडत असेल तर टार्गेट बदलून बघा. काळ्यातलं भोक दिसत नाही, कारण त्याच्या मागेही अंधार असतो. कागदामागे पांढरा पुठ्ठा लावून भागत नाही, गोळी त्यालाही भोक पाडते. कागद नुसत्या चौकटीवर ताणून लावला आणि मागचा गोळ्या अडवणारा बांध उन्हात असेल तर भोकातून उजेड चमकतो. सरावाला फिकट टार्गेट, किंवा गोळी लागताच भोवती पिवळी-हिरवी कड उमटणारं टार्गेट वापरलं तर चाळीस पटीचं काम वीस पटीत होतं.

टार्गेट सापडतच नसेल तर झूम सर्वात कमी करा, नळीवरून उघड्या डोळ्याने रोख धरा आणि टार्गेट मधोमध आलं की मगच पट वाढवा. पट बदलली की फोकस थोडा हलणं स्वस्त स्कोपमध्ये नेहमीचंच आहे. रायफलवरच्या दुर्बिणीने भोकं बघत बसायची सवय मात्र कुणीही लावून घेऊ नये. नुसतं बघायचं म्हणून बंदूक रोखायची नसते, आणि टार्गेटजवळ माणसं असताना तर तिला हातही लावायचा नसतो.

काच शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी लेन्सचं कापड. धुळीसकट पुसलं की लेपावर ओरखडे उठतात, आणि ते जात नाहीत. पावसात किंवा दमट हवेत वापरलेला स्कोप तसाच बॅगेत कोंबून ठेवला तर आत बुरशी धरते. झाकणं उघडी ठेवून तो रात्रभर कोरडा होऊ द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. नायट्रोजन भरलेला, जलरोधक स्कोप असेल तर धुकं आतून धरत नाही. अशा स्कोपच्या आतल्या काचेवर एकदा जरी धुकं दिसलं तरी सील गेलेलं आहे, वॉरंटी आहे तोवरच दाखवून घ्या.